संथबाई

ऑफिसातल्या मुलींनी तिला संथबाई हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की पुढे पुढे सुपरवायझरही तिला त्याच नावानं हाक मारायला लागला. नावाला कारण होतं. एका मोठ्या मनोरंजन पार्कची फोनवरची चौकशी जिथे चालायची, त्या खोलीत ती कामाला होती. पार्क तिथून आगगाडीनं साडेतीन तासांवर, आणि खोली टायरच्या गोदामावर, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून आलं की कपड्यांना रबराचा वास लागायचा तो घरी जाईपर्यंत सुटायचा नाही. आत सहा टेबलं, सहा फोन आणि प्रत्येक टेबलावर प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला पार्कचा रंगीत नकाशा.

नकाशात राइड्सचे दोन प्रकार. लाल ठिपका म्हणजे थरारक: रोलर कोस्टर, उलटा पाळणा, उंचावरून सोडून देतात तो मनोरा. निळा ठिपका म्हणजे संथ: छोटी आगगाडी, होडी, मेरी-गो-राउंड. बहुतेक फोन लाल ठिपक्यांसाठी यायचे. ते घ्यायला तरण्या मुली एका पायावर तयार. पण मधूनच एखादी आजी, एखादी पोटुशी बाई, एखादा भित्र्या पोराचा बाप फोन करायचा, की हे सगळं नको, बाकी काय आहे? मग मुली फोनवर हात ठेवून ओरडायच्या, "संथबाई, तुमचं गिऱ्हाईक!" आणि फोन तिच्याकडे वळवायच्या.

तिचं वय तेव्हा सेहेचाळीस. लग्न झालं नव्हतं. दादा-वहिनीच्या घरात मागच्या खोलीत राहायची. आवाज मात्र देवानं सढळ हातानं दिला होता. भरदार, सावकाश, ऐकणाऱ्याला वाटावं की समोर बसून पाठीवरून हात फिरवतेय. लोक तिच्याशी बोलताना खुलायचे. चार मिनिटांची मर्यादा होती. चार मिनिटं झाली की सुपरवायझरच्या टेबलावर लाल दिवा लागायचा. तिच्या टेबलाचा दिवा दिवसातून दहादा लागायचा.

"अहो, तुम्ही माहिती सांगता की कीर्तन करता?" सुपरवायझर म्हणायचा.

"घाबरलेलं माणूस हळू बोलतं साहेब," ती म्हणायची आणि पुढचा फोन उचलायची.

गंमत एवढीच, की सात वर्षं झाली तरी तिनं तो पार्क डोळ्यांनी पाहिला नव्हता. कंपनी वर्षातून एकदा फुकट पास द्यायची. पहिल्या वर्षी पास आला तेव्हा भाच्यानं हट्ट धरला, तो त्याला दिला. दुसऱ्या वर्षी वहिनीच्या बहिणीला. मग ती रीतच पडली. पास आला की वहिनी तो तिच्या हातातून घेऊन फ्रिजवर चुंबकानं लावायची. "तुला काय, तुला सगळं पाठच आहे," ती म्हणायची. आणि जेवताना कुणी नोकरीचं विचारलं की हसून सांगायची, "आमच्या वन्संची नोकरी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

काचवाल्याचा पहिला फोन थंडीच्या सुरुवातीला आला.

"मला तुमच्या पार्कात चार माणसं आणायचीत," तो म्हणाला. "मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि माझे वडील. फिरणारं, उडणारं, आपटणारं काहीही नको. उरतं का काही?"

"पुष्कळ उरतं," ती म्हणाली. "आधी सांगा, कुणाला काय जमत नाही?"

"वडिलांचे गुडघे गेलेत. आणि हिचं हृदय मोठं झालंय." त्यानं लगेच खुलासा केला. "लोक म्हणतात ना मोठ्या मनाची, ते नव्हे. खरंच मोठं झालंय. डॉक्टर म्हणतात झटका नको, दचकणं नको, गरगरणं नको. दहा मिनिटं चालते, मग बसावं लागतं."

तिनं कागद ओढला आणि वर लिहिलं: *चार जण. दहा मिनिटं.*

तो खिडक्यांना काचा बसवायचा. ते त्यानं पुढच्याच वाक्यात सांगितलं, कारण त्याला सगळं मापात हवं होतं. फाटकापासून आगगाडीचं स्टेशन किती पावलं? होडीत चढायला पायरी आहे का, असली तर किती इंचांची? "मला मोजल्याशिवाय काही सुधरत नाही बाई," तो म्हणाला. "एक सूत इकडचं तिकडे झालं तर काच तडकते."

पायरीचं नकाशात नव्हतं. ती म्हणाली, "दोन दिवसांनी फोन करा, विचारून ठेवते." दुपारच्या सुट्टीत तिनं पार्कच्या वर्कशॉपला फोन लावला. पलीकडचा माणूस काहीतरी खात होता. "पायरी? असेल वीतभर," तो म्हणाला. काचवाल्याचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, "आठ इंच." वीतभर म्हणाली असती तर त्याचं समाधान झालं नसतं.

असे करत करत त्या दोघांनी मिळून एक दिवस आखला. तो तिकडे लिहायचा, ती इकडे. मंगळवारी यायचं, शाळा चालू असताना, म्हणजे गर्दी नसते. पूर्वेच्या फाटकानं शिरायचं, कारण मुख्य फाटकातून आत आलं की रोलर कोस्टर डोक्यावरूनच जातो आणि माणसं किंचाळतात; दचकायला तेवढं पुरे. आधी बाक. मग छोटी आगगाडी. उतरलं की पुन्हा बाक. मग मेरी-गो-राउंड, त्यात फक्त मुलगी बसणार. नंतर झेपलं तर होडी. परत जाताना त्याच वाटेनं, तेच बाक.

"दोन बाकांमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त कुठेच नाही," ती म्हणाली. "मी नीट बघून सांगतेय."

"तुम्ही स्वतः गेलायत ना हो?"

प्रश्न साधा होता. तिच्या तोंडून उत्तर गेलं ते विचार करायच्या आधी. "कितीतरी वेळा."

मग बरेच दिवस फोन आला नाही. आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता.

"आता तिघंच," तो म्हणाला.

"बाबा नाही येत?"

"बाबा गेले. पंधरा दिवस झाले. झोपेतच गेले." मागे कुणीतरी भांडी विसळत होतं, त्याचा आवाज येत होता. "नातीला सांगून ठेवलं होतं, इंजिनाच्या मागच्या डब्यात मी बसणार म्हणून. ती आता मला विचारते, आजोबांचं तिकीट परत द्यायचं का?"

लाल दिवा लागला. सुपरवायझरनं मान वर केली. तिनं पाठ फिरवली.

"आणि अजून एक," काचवाला म्हणाला. "दहा मिनिटांचं पाच करा."

तिनं नकाशा पुढे ओढला. पाच मिनिटांवर बाक हवे म्हटल्यावर गणित अवघड झालं. ती म्हणाली, "पार्कात चाकाची खुर्ची मिळते. मी सांगून ठेवते."

"नको म्हणते. मुलीनं मला खुर्चीत पाहायला नको म्हणते. बसत बसत चालेन पण चालेन. मी खूप समजावलं, ऐकत नाही." आणि मग फोनपासून तोंड बाजूला करून तो म्हणाला, "घे, तूच विचार."

बाईचा आवाज बारीक होता आणि दर चार शब्दांनी ती श्वास घेत होती.

"मला एकच विचारायचंय हो. मेरी-गो-राउंडपाशी मी बसले, तर मला ती दिसेल का? घोड्यावर बसलेली? नाहीतर कसं होतं, आपल्याला बसवतात कुठेतरी कोपऱ्यात, आणि बाकीचे येऊन सांगतात किती मजा आली ते."

संथबाईनं नकाशाकडे पाहिलं. मेरी-गो-राउंडचा निळा ठिपका, त्याच्या पुढ्यात बाकाची खूण, खुणेशेजारी एक हिरवा गोल.

"दिसेल," ती म्हणाली. "बाक अगदी समोर आहे. मोठ्या झाडाखाली, छान सावली असते. प्रत्येक फेरीला ती तुमच्या समोरून जाईल आणि तुम्ही हात करायचा."

"प्रत्येक फेरीला?"

"प्रत्येक."

"मग येते मी," बाई म्हणाली.

त्या संध्याकाळी बसमध्ये उभी असताना संथबाईला ते आपलंच वाक्य आठवलं. सावली. सावलीचं नकाशात कुठे लिहिलं होतं? हिरवा गोल झाडाचा असेल असं तिनंच कधीतरी, पहिल्या-दुसऱ्या वर्षी गृहीत धरलं होतं. मग सांगून सांगून ते झाड मोठं झालं होतं, त्याला सावली आली होती, एकदा तर कुण्या आजींना तिनं त्याच्यावरची पाखरंही सांगितली होती. एकदा मनात आलेली पाल नंतर चुकचुकायची थांबेना. दुसऱ्या दिवशी तिनं पार्कच्या कचेरीत फोन लावला. "बाक आहेत सगळे, नकाशा आहे ना तुमच्याकडे?" असं म्हणून तिथल्या माणसानं फोन ठेवला.

ठरलेल्या मंगळवारी तिनं रजा टाकली. वहिनीला दातांच्या डॉक्टरचं नाव सांगितलं आणि पहाटेची गाडी पकडली. आपण का जातोय हे तिला धड सांगता आलं नसतं. त्यांना भेटायचं नव्हतं. लांबून बघावं, सगळं नीट पार पडतंय ना एवढं बघावं आणि परत यावं, एवढंच मनात होतं. गाडीत बसल्या बसल्या तिला चक्क आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुठेतरी निघाली होती.

पूर्वेचं फाटक होतं, तिनं सांगितल्यासारखंच. तिथून पहिला बाक तिनं पावलं मोजत गाठला. होता. बसून पाहिला. छोट्या आगगाडीचं स्टेशन होतं, लाल छपराचं, नकाशात होतं त्यापेक्षा लहान. दुसरा बाक होता, त्याची एक फळी निघालेली, पण होता. तिचा जीव भांड्यात पडला. मग वळण घेऊन ती मेरी-गो-राउंडपाशी आली, आणि उभीच राहिली.

बाक नव्हता. बाकाच्या जागी फोटोवाल्याची टपरी होती. समोर घोड्यांवर बसलेल्या पोरांचे फोटो काढून फ्रेममध्ये घालून विकणारी. टपरीच्या बाजूला फरशीत एक गोल होता, सिमेंटनं भरलेला, ताटाएवढा. झाड तिथे कधीतरी होतं, बस्स. आता ऊन होतं, पांढरं, डोळ्यांवर येणारं, आणि आसपास टेकायला काहीही नव्हतं.

तिनं फोटोवाल्याला विचारलं, "इथला बाक कुठे गेला?"

"कुठला बाक? मी इथे चार वर्षं आहे."

चार वर्षं. चार वर्षं ती फोनवर लोकांना त्या बाकावर बसवत होती. किती आज्या, किती गुडघे, किती पोटुशा बाया इथे येऊन अशाच उभ्या राहिल्या असतील? त्यांच्यातल्या एकीनंही परत फोन करून विचारलं नव्हतं. किंवा विचारलं असेल आणि तो फोन दुसऱ्या टेबलावर गेला असेल.

ती घाईघाईनं प्रथमोपचाराच्या खोलीकडे गेली. तिथल्या नर्सला म्हणाली, "एक खुर्ची हवी, साधी, चाकाचीही चालेल."

"पेशंट कुठाय?"

"येतीय अजून."

"मग आली की या. नाव लिहावं लागतं."

नाव तिला ठाऊक नव्हतं. इतक्या महिन्यांत विचारलंच नव्हतं. ती परत पळत आली. त्या वयात, त्या उन्हात पळाली. आणि वळणावरून तिला ते तिघं दिसले.

तिनं त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण चुकणं शक्य नव्हतं. उंच, वाकलेला माणूस, एका हातात घडी घातलेला कागद, दुसऱ्या हाताचं कोपर बायकोनं धरलेलं. बाई इतकी बारीक की अंगातला स्वेटर दुसऱ्या कुणाचा वाटावा. पुढे मुलगी, उड्या मारत नव्हती; दर दोन पावलांनी मागे वळून बघत होती. तिला सवय झाली असावी.

काचवाल्यानं कागद पाहिला. टपरी पाहिली. कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग मेरी-गो-राउंडला एक अर्धी चक्कर मारून आला, बाक पलीकडे असेल म्हणून. बायको तोवर कठड्याला धरून उभी होती.

"आई, राहू दे, मला नाही बसायचं," मुलगी म्हणाली.

"गप. त्यासाठीच तर आलोय. तो पांढरा घोडा बघ, तो पकड."

मुलगी आत गेली. घंटा वाजली आणि घोडे हलले.

फोटोवाला कॅमेरा घेऊन कठड्यापाशी गेला होता. त्याची खुर्ची टपरीत होती, प्लास्टिकची, निळी. संथबाईनं विचारलं नाही. सरळ उचलली आणि त्या बाईच्या मागे नेऊन ठेवली. बाईनं वळून पाहिलं, तिला किती हायसं वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं, आणि ती बसली.

बसली आणि तिला काहीच दिसेना. कठड्याला छातीएवढ्या उंचीची रंगीत फळी ठोकलेली होती, हत्ती आणि फुगे काढलेली. उभ्या माणसाला घोडे दिसत होते. बसलेल्याला फक्त हत्ती. घोड्यांच्या माना तेवढ्या वरून जात होत्या.

मग बाई उठली. पांढरा घोडा समोर आला, तिनं हात हलवला, मुलगी हसली आणि पलीकडे गेली. बाई बसली. घोडा यायच्या वेळेला पुन्हा उठली. हात केला. बसली. उठली. नवरा म्हणाला, "अगं बस ना, मी करतो हात." ती म्हणाली, "ती मला बघतेय." चौथ्या फेरीला उठताना तिनं खुर्चीचे दोन्ही हात धरले. पाचव्या फेरीला ओठांचा रंग बदलला. संथबाई तीन हातांवर उभी राहून ते सगळं बघत होती. एक फेरी किती वेळाची असते हे तिला पाठ होतं, पंचवीस सेकंद. फेऱ्या दहा असतात हेही.

"ओ बाई!" फोटोवाला तिच्यावर ओरडला. "माझी खुर्ची बापाची समजून उचललीत काय?"

"अहो, दोन मिनिटं द्या हो," ती म्हणाली. "त्यांना बरं नाहीये. दोनच मिनिटं."

तेवढं बोलली आणि काचवाल्याची मान वळली. तो तिच्याकडे बघत राहिला. आवाजाला चेहरा जुळवायला त्याला फार वेळ लागला नाही.

"तुम्ही फोनवरच्या," तो म्हणाला.

त्यानं कागदावर बोट ठेवलं.

"इथे बाक आहे म्हणालात."

"नकाशात होता."

"झाड आहे म्हणालात."

"नकाशात..." तिनं फरशीतल्या सिमेंटच्या गोलाकडे पाहिलं. "तसं वाटलं."

"तुम्ही स्वतः येऊन गेलायत म्हणालात. कितीतरी वेळा."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तो मापं विचारायचा तसाच विचारत होता, एक एक करून, आणि प्रत्येक उत्तर कागदाशी ताडून बघत होता.

"मी आज पहिल्यांदा आले," ती म्हणाली.

"अहो," खुर्चीतून बायको म्हणाली, तिला बोलायला दम पुरत नव्हता, "जाऊ द्या. पोरगी बघतेय." मग संथबाईकडे बघून म्हणाली, "एवढ्या लांबून... आमच्यासाठी आलात?"

संथबाईनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिलाच कळलं नाही. घंटा वाजली, घोडे थांबले. मुलगी धावत आली आणि आईच्या मांडीला बिलगून विचारू लागली, "आई, दमलीस?"

"छे गं. होडीत बसू या ना आता?"

"मला नको होडी," मुलगी म्हणाली. "मला घरी जायचंय. मला भूक लागलीय." सात वर्षांची पोर; पण खोटं बोलण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

काचवाल्यानं बायकोला उठवलं. मग हातातला कागद आधी चार घड्या घालून लहान केला आणि संथबाईपुढे धरला. "हा ठेवा तुम्ही," तो म्हणाला. तिनं घेतला. ती तिघं आल्या वाटेनं गेली. फळी निघालेल्या त्या दुसऱ्या बाकाशी थांबलेली तिनं पाहिली, आणि मग ती दिसेनाशी झाली. फोटोवाला येऊन आपली खुर्ची घेऊन गेला.

परतीच्या गाडीत तिनं कागद उलगडला. रेघा पट्टीनं मारलेल्या होत्या. प्रत्येक बाकाला एक नंबर, शेजारी मिनिटं. मेरी-गो-राउंडपाशी चौकोन करून त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: *सावली. इथे ही जास्त वेळ बसेल. पाणी इथेच द्यायचं.* चार जणांचं आधी लिहिलेलं खोडून तीन केलेलं होतं. तिनं स्टेशन येईपर्यंत ते किती वेळा वाचलं कोण जाणे. घरी वहिनीनं विचारलं, "काढला का दात?" "काढला," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून वहिनीनं तिला मुकाट्यानं मऊ भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिनं सुपरवायझरला सगळं सांगितलं. खुर्चीचं नाही, बाकाचं आणि झाडाचं.

"मग?" तो म्हणाला. "नकाशा छापायचं काम आपलं आहे का? लिहून देऊ वर."

"तोवर लोकांना काय सांगायचं?"

"नकाशात आहे ते सांगायचं. तुम्ही आपल्या हातानं झाडं लावायची नाहीत, म्हणजे झालं."

तो चेष्टेत बोलला होता. मुली हसल्या. तीही हसली, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतर तिच्या फोनवरच्या बोलण्यातली गोडी गेली. कुणी विचारलं, तिथे बसायला आहे का, की ती म्हणायची, "मला माहीत नाही." "मग कुणाला माहीत?" "कुणालाच नाही, तुम्ही सोबत घडीची खुर्ची घेऊन या." लोक चिडायचे. चार मिनिटांचा दिवा लागायचा बंद झाला. तिचे फोन दोन मिनिटांत संपायचे. सुपरवायझर आधी खूश झाला, मग तक्रारी आल्या तेव्हा वैतागला.

काचवाल्याचा फोन पुन्हा आला नाही. दर घंटीला तिला वाटायचं, हाच. चौकशीच्या वहीत त्याचा नंबर होता. अडीच महिने तिनं त्या पानाकडे पाहिलं नाही. मग एका दुपारी, खोलीत दोघीच असताना, तिनं तो लावला. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. माफी मागायची, की नुसती चौकशी करायची?

फोन मुलीनं उचलला.

"हॅलो? बाबा कामावर गेलेत. मावशीला देऊ? मावशी इथेच राहते आता."

 आपला आवाज त्या घरात ओळखतात, एवढंच संथबाईच्या डोक्यात आलं.

"मावशी," पोर लांब कुणाला तरी ओरडली, "कुणीतरी आहे, पण बोलत नाहीये."

"ठेव मग," आतून आवाज आला.

फोन ठेवला गेला. मावशी राहायला का आली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आणि तरी, घरी जाताना बसमध्ये ती स्वतःला सांगत राहिली, की आजारी बहिणीच्या सोबतीलाही माणूस येतं, स्वयंपाकाला येतं, चार दिवसांसाठी येतं. तिनं परत कधी तो नंबर लावला नाही. खरं काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळून घ्यायची छातीही झाली नाही.

दीड वर्षानं ती फोनची खोलीच बंद झाली. चौकशीला मशीन आलं: एक दाबा, दोन दाबा. मुली इकडेतिकडे पांगल्या. तिला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर काम मिळालं. आवाज ऐकूनच घेतलं म्हणे.

तिथे ती अजून आहे. आल्या आल्या पहिला आठवडा ती रोज तासभर लवकर यायची आणि सगळे मजले फिरायची. कुठल्या लिफ्टचं दार अडकतं, कुठल्या वळणावर पाटी चुकीची आहे, हे बघत. तरी तिचा स्वतःच्या सांगण्यावर विश्वास बसत नाही. कुणी म्हातारं माणूस खिडकीशी येऊन विचारतं, एक्स-रे कुठे हो? बाकीच्या बाया सांगतात: सरळ जा, डावीकडे वळा. संथबाई उठते, खिडकीचं दार लोटते आणि त्या माणसाचं कोपर धरून सोबत निघते. सावकाश. मध्ये त्याला दम लागला तर थांबते. तिकडे खिडकीपुढे रांग वाढत जाते, लोक काचेवर नाणी आपटतात, बाजूची बाई कपाळाला हात लावते. गेल्याच महिन्यात वरून कागद आला, की खिडकी सोडून जायचं नाही, हे शेवटचं सांगणं.

तिनं तो वाचला, सही केली आणि खणात टाकला. मग समोर उभ्या असलेल्या, काठी टेकणाऱ्या गृहस्थांना म्हणाली, "चला. तुमच्या चालीनं चला, घाई नाही."